गळ्यामागून निघालेली वाद्यं

व्हेनिसमध्ये संगीत शोधायला निघालं की आधी विवाल्डी आडवा येतो. रिआल्तोच्या पुलापासून अकादेमियाच्या पुलापर्यंत गल्लीगल्लीच्या तोंडाशी त्याच्या ‘चार ऋतूं’ची पोस्टरं, केसांचे पांढरे टोप चढवून तिकिटं विकणारी कॉलेजची पोरं, आणि रात्री कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये हमखास कार्यक्रम. विवाल्डीबद्दल तक्रार नाही. पण मला हवं होतं ते त्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधीचं व्हेनिस, सोळाव्या शतकातलं. त्या शहराची जाहिरात कोणी करत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या खुणा मात्र जागच्या जागी आहेत.

मोतेत, मिस्सा, रिचेरकार, कान्झोना, तोक्काता, सोनाता. रेकॉर्डच्या वेष्टनांवर ही नावं मी वर्षानुवर्षं वाचत आलो. पुस्तकं त्यांच्या व्याख्या दोन रकान्यांत देतात: देवाधर्माचं एकीकडे, वाद्यांचं दुसरीकडे. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये हे दोन्ही रकाने एकाच छपराखाली नांदत होते, एकाच पगारपत्रकावर. ते छप्पर सान मार्कोचं.

सान मार्को त्या काळी शहराचं कॅथेड्रल नव्हतंच. धर्मपीठाची गादी पार पूर्वेच्या टोकाला, सान पिएत्रो दी कास्तेल्लोमध्ये. सान मार्को म्हणजे डोजेचं, प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचं, स्वतःचं देवघर. त्याला कॅथेड्रलचा मान 1807 मध्ये मिळाला, तोवर प्रजासत्ताक बुडून दहा वर्षं झाली होती. गवयांची नेमणूक, पगार, शिस्त हे सगळं ‘प्रोकुरातोरी’ म्हणवणारे सरकारी विश्वस्त बघत. इथलं संगीत धार्मिक होतं, तितकंच सरकारीही होतं. परदेशी वकील आला, लढाई जिंकली, नवा डोजे निवडला गेला, की मिस्सा आणि तिच्याबरोबर दणक्यात संगीत. रोमला काय आवडेल याची फिकीर इथे जरा कमीच असे.

तिकीट काढून आत गेलं तर दोरांनी आखलेल्या वाटेवरून पुढे पुढे सरकावं लागतं. त्यापेक्षा रविवारच्या मुख्य मिस्सेला जावं. बाजूच्या, दगडी सिंहांच्या छोट्या चौकातल्या दारातून आत सोडतात, पैसे पडत नाहीत, फक्त फोन खिशात ठेवायचा. पायाखालची संगमरवरी फरशी खचून खचून लाटांसारखी झाली आहे. वर पाच घुमट, सगळे सोनेरी मोझाइकने मढवलेले. समोर वेदी आणि लोकांची जागा यांच्यामध्ये संतांच्या मूर्ती मिरवणारी 1394 ची दगडी भिंत. तिच्यापलीकडे, डावीउजवीकडे उंचावर, एकमेकांसमोर ऑर्गनचे दोन सज्जे. पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीत येतात ते हेच. आज तिथे असलेले ऑर्गन नंतरच्या काळातले आहेत, पण सज्ज्यांची जागा तीच.

वसईत किंवा गोव्यात वाढलेल्या वाचकाला मिस्सेचे टप्पे सांगायला नकोत. इतरांसाठी थोडक्यात. मिस्सेतले काही भाग दिवसागणिक बदलतात आणि पाच भाग कायम तेच राहतात: कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई. रचनाकार ‘मिस्सा’ लिहितो म्हणजे या पाचांना चाल लावतो. शब्द ठरलेले, आधीच्या हजारांनी वापरलेले, त्यामुळे कौशल्य सगळं बांधणीत. बरेचदा एखादी आधीची धून घेऊन ती एका आवाजात लांबच लांब स्वरांत अंथरायची आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती विणायचे. त्या अंथरलेल्या धुनेला ‘कान्तुस फिर्मुस’ म्हणत. धून चर्चचीच असली पाहिजे असं बंधन नव्हतं. शस्त्र धारण केलेल्या माणसाबद्दलच्या एका फ्रेंच गाण्यावर चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या आहेत.

मोतेत त्यामानाने मोकळं. लॅटिन धार्मिक मजकूर, एखाद्या सणाचा, एखाद्या स्तोत्राचा, कधी खास प्रसंगासाठी जुळवलेला. दर ओळीला नवं स्वरवाक्य. एक आवाज ते वाक्य उचलतो, तो दोन पावलं पुढे जातो न जातो तोच दुसरा तेच वाक्य वरच्या किंवा खालच्या पट्टीत धरतो, मग तिसरा, मग चौथा. पहिला तोवर भलतीकडेच पोचलेला असतो. याला ‘अनुकरण’ म्हणतात आणि सोळाव्या शतकाच्या संगीताचा कणा तोच.

मी बसलो होतो तिथून गायकवृंद दिसत नव्हता. मोतेत सुरू झालं तेव्हा पहिला आवाज कुठून आला ते कळलं, दुसऱ्याचा अंदाज आला, पुढे सगळं घुमटात गेलं आणि एकमेकांत मिसळून परत आलं. सुरेख, पण शब्द एक कळेल तर शपथ. तेव्हा वाटलं की माझं काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. मी डोजेच्या जागेवर बसलो नव्हतो, एवढंच.

त्याची गोष्ट अशी. 1527 मध्ये एद्रियान व्हिलार्ट हा फ्लेमिश रचनाकार इथला संगीतप्रमुख झाला आणि 1562 मध्ये मरेपर्यंत त्या जागेवर राहिला. 1550 मध्ये त्याची स्तोत्रं छापून आली, दोन गायकवृंदांनी आळीपाळीने गायची. या पद्धतीला ‘कोरी स्पेत्साती’ म्हणतात, तुकड्या पाडलेले वृंद. वर्षानुवर्षं सगळ्यांनी लिहिलं की व्हिलार्टने समोरासमोरचे दोन सज्जे पाहिले आणि त्याला ही कल्पना सुचली. गोष्ट इतकी गोड आहे की खोटी असायला हवी, आणि बऱ्याच अंशी आहेच. पादुआ आणि त्रेविझोसारख्या जवळच्या गावांत अशी दुहेरी रचना आधीपासून होत होती. शिवाय सान मार्कोचं विधींचं दप्तर वाचणाऱ्यांना दिसलं की व्हिलार्टची स्तोत्रं गाताना दोन्ही तुकड्या बहुधा एकाच जागी उभ्या राहत, मूर्तींच्या त्या दगडी भिंतीच्या उजव्या अंगाला असलेल्या मोठ्या दगडी व्यासपीठावर. एकीकडे चार निवडक गळे, दुसरीकडे उरलेले सगळे. अंतर जागेतलं नव्हतं, आवाजाच्या जाडीतलं होतं.

त्याच सुमारास डोजे आपलं आसन वेदीजवळच्या भागात घेऊन गेला आणि सान्सोविनो या वास्तुकाराने तिथे गायकांसाठी दोन छोटे सज्जे उभारले, संत मार्कच्या कथांचे ब्राँझचे उठाव लावून. 2007 मध्ये डेबोरा हॉवर्ड आणि लाउरा मोरेत्ती या वास्तु-अभ्यासकांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा वृंद व्हेनिसमध्ये आणून निरनिराळ्या चर्चमध्ये प्रत्यक्ष गाऊन घेतलं, मोजमापं घेतली, श्रोत्यांची मतं टिपली. सान मार्कोत वेदीजवळ गुंतागुंतीचं संगीतही स्वच्छ ऐकू येतं. मुख्य दालनात त्याचा गलबला होतो. म्हणजे जे संगीत ज्याच्या पैशाने उभं राहिलं ते त्याच्या कानाला नीट पोचत होतं. आम्हा दालनातल्यांना सोनं बघायला होतंच.

आता वाद्यांकडे. मला व्हेनिसमधलं सगळ्यात आवडलेलं कागदपत्र म्हणजे सान मार्कोच्या ऑर्गनवादकाची परीक्षा कशी घ्यायची याचे सोळाव्या शतकातले नियम. उमेदवारासमोर पुस्तक उघडायचं, येईल त्या पानावरच्या कीरिएची किंवा मोतेताची सुरुवात त्याला दाखवायची, आणि त्यावरून त्याने तिथल्या तिथे रचत वाजवायचं. अट अशी की आवाज एकमेकांत घुसता कामा नयेत, चार गायक गात असल्यासारखं वाजलं पाहिजे. मग साध्या प्रार्थनेची एक धून द्यायची. ती कधी खर्जात, कधी मधल्या आवाजात, कधी वर ठेवून बाकीचे आवाज त्याने गुंफायचे. शेवटी वृंदाने फारशी परिचित नसलेली एखादी रचना गायची आणि उमेदवाराने तिला उत्तर द्यायचं, त्याच पट्टीत आणि पट्टी बदलूनही. हे सगळं पूर्वतयारीशिवाय. नुसती बोटं पळवणाऱ्याला या परीक्षेत स्थान नव्हतं.

म्हणजे ऑर्गनवादकाकडून मागणी होती ती गायकाची, तीही एकदम चौघांची. ही परीक्षा डोक्यात ठेवली की रिचेरकार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मोतेतातले शब्द काढून घ्या, अनुकरण ठेवा, आणि वाद्याला दमसासाची अडचण नसल्याने एकेक कल्पना मनसोक्त ताणा. आधी, 1507 मध्ये व्हेनिसला ल्यूटची पहिली पुस्तकं छापली गेली तेव्हा, रिचेरकार म्हणजे हात मोकळा करण्यासाठीचं सैलसर वाजवणं होतं. पुढच्या तीसेक वर्षांत त्याला मोतेताची शिस्त लागली. 1540 मध्ये व्हेनिसमध्ये निघालेल्या एका संग्रहाच्या नावातच म्हटलंय की यातले रिचेरकार गायलाही सोयीचे आहेत आणि वाजवायलाही.

आपल्याकडे सतार-सरोदवाल्यांत ‘गायकी अंग’ हा मानाचा शब्द आहे. व्हेनिसच्या वादकांना तो सांगितला असता तर त्यांनी विचारलं असतं, दुसरं कुठलं अंग असतं? डोजेच्या पदरी असलेला सिल्वेस्त्रो गानास्सी याने 1535 मध्ये रेकॉर्डर या बासरीवर पुस्तक काढलं. त्याचं पहिलंच सांगणं हे: सगळी वाद्यं मानवी आवाजाहून उणी आहेत, तेव्हा वादकाने आवाजाची नक्कल करायला शिकावं, चित्रकार निसर्गाची करतो तशी. मग पानंच्या पानं तो शिकवतो काय, तर दोन स्वरांमधली मोकळी जागा छोट्या स्वरांनी कशी भरायची. लांब स्वर फोडून त्याच्या ताना करायच्या. या कलेवर व्हेनिसमध्ये पुस्तकांची रांग लागली: 1584 मध्ये जिरोलामो दाल्ला कासा, 1585 मध्ये जोव्हान्नी बास्सानो. छापलेले स्वर हा नुसता सांगाडा, हे त्या काळच्या कुठल्याही वादकाला ठाऊक होतं.

तोक्काता आणि इंतोनात्सिओने यांचं काम साधं. वृंद गायला उभा राहिला की त्याला स्वर मिळायला हवा. ऑर्गनवादक चार-सहा मात्रांचे स्वरसमूह धरतो, त्यावरून एक-दोन भरधाव ताना टाकतो, थांबतो. गायक सुरात शिरतात. छोटं असेल तर इंतोनात्सिओने. क्लाउदिओ मेरुलोसारख्या कसलेल्या माणसाच्या हाती ते पसरत जाऊन स्वतंत्र तोक्काता झालं.

दाल्ला कासा आणि त्याचे दोन भाऊ यांना 1568 मध्ये सान मार्कोने कायम नोकरीवर घेतलं. वाद्यवृंदाला पक्का पगार मिळायला लागला तो तेव्हा. जिरोलामो कॉर्नेत्तो वाजवायचा. हे वाद्य आता कोणी ओळखत नाही. हातभर लांबीची किंचित वाकडी लाकडी नळी, दोन अर्ध्या भागांत कोरून चिकटवलेली, वरून काळं कातडं गुंडाळलेलं. बोटांची भोकं बासरीसारखी, पण तोंडाशी तुतारीचा छोटा पेला. ओठ थरथरवून वाजवायचं. फुंक दाबली तर तुतारीशी भिडतं, सोडली तर बाईच्या आवाजाला इतकं जवळ जातं की गायकवृंदात वरचा आवाज कमी पडला तर कॉर्नेत्तोवाला उभा करत. त्याचे सोबती सॅकबट, म्हणजे अरुंद तोंडाचे जुने ट्रॉम्बोन. आजच्या बँडमधल्या ट्रॉम्बोनचा दणका यांच्यात नाही. ते माणसांच्या मागे उभं राहून गाऊ शकतात.

या माणसांसाठी लिहिणारा जोव्हान्नी गाब्रिएली. त्याचा काका आंद्रेआही सान मार्कोचाच ऑर्गनवादक. 1597 मध्ये जोव्हान्नीचा ‘साक्रे सिम्फोनिए’ छापला गेला. धार्मिक संग्रह, पण त्यात मोतेतांच्या मांडीला मांडी लावून चौदा कान्झोना आणि दोन सोनाता. कान्झोना मुळात फ्रेंच गाणं, शांसाँ. इटलीत ते आधी गायलं गेलं, मग ऑर्गनवर बसवलं गेलं, मग वाद्यांसाठी नवंच रचलं जाऊ लागलं. ओळखायची खूण सुरुवातीलाच: एक लांब, दोन आखूड. तां, त-त. हे ऐकलं की डोळे मिटून कान्झोना म्हणावं. अशा रचना मिस्सेच्या मधल्या जागांत, जिथे त्या दिवसाचा बदलता मजकूर व्हायचा तिथे, वाजत. प्रेमगीताच्या पोटी जन्मलेला प्रकार वेदीसमोर, आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही.

त्यातली ‘सोनाता पिआन ए फोर्ते’ प्रसिद्ध आहे. पहिला गट: एक कॉर्नेत्तो, तीन ट्रॉम्बोन. दुसरा: एक व्हायोलिन, आजच्या व्हिओलाइतक्या खालच्या पट्टीतलं, आणि तीन ट्रॉम्बोन. कोणता आवाज कोणत्या वाद्याने वाजवायचा हे छापून सांगणं तोवर जवळजवळ नव्हतंच. हाताशी जे असेल ते वाजवा असा मामला. आणि ‘हळू’, ‘जोरात’ अशा खुणाही छापलेल्या. एक गट एकटा असेल तेव्हा हळू, दोन्ही मिळाले की जोरात. आजचा वाचक यातला थोडासा भोळेपणा बघून हसेल. पण प्रत्येक वादकाच्या हातात फक्त त्याच्या स्वतःच्या आवाजाची वही असायची. इतर सात जण काय करताहेत ते त्याला दिसत नसे. त्याला कळणार कसं? म्हणून लिहिलं.

गाब्रिएलीचं दुसरं कामाचं ठिकाण सान रोक्कोची धर्मादाय संस्था. वरचं दालन तिंतोरेत्तोने भिंतीपासून छतापर्यंत रंगवलेलं. छत बघायला आरसे देतात, ते हातात धरून सगळे प्रवासी खाली मान घालून वर बघत फिरतात. इथला सण 16 ऑगस्टला. 1608 मध्ये टॉमस कॉर्याट हा इंग्रज प्रवासी त्या सणाचं संगीत ऐकून वेडा झाला आणि सुदैवाने त्याने मोजलं: एका वेळी दहा सॅकबट, चार कॉर्नेत्तो, दोन थोरली व्हिओला दा गाम्बा, सात ऑर्गन. हाच कॉर्याट पुढे पायी हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेला मेला. सान रोक्कोत आता चित्रांपुढे संगीताची आठवण कोणाला नसते. गाब्रिएली 1612 मध्ये मुतखड्याने गेला. सान्तो स्तेफानो चर्चच्या फरशीत त्याची शिळा आहे, तिच्यावरून लोक चालत जातात. पाठोपाठ सान मार्कोत आलेल्या मोन्तेव्हेर्दीच्या कबरीवर मात्र फ्रारी चर्चमध्ये ताजी फुलं दिसतात.

व्हेनिसमध्ये त्या काळचा ऑर्गन ऐकायला मिळाला नाही म्हणून बोलोन्याची गाडी धरली. दीड तासाचा रस्ता. सान पेत्रोनिओचा दर्शनी भाग शतकांपासून अर्धाच संगमरवरी, वर उघड्या विटा. आत वेदीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन ऑर्गन: एक लोरेन्झो दा प्रातोचा, 1471 ते 75 मध्ये घडवलेला आणि आजही वाजणारा, दुसरा बाल्दास्सारे मालामिनीचा, 1596 चा. मी पोचलो तेव्हा कोणी तरी सराव करत होतं. एक स्वरसमूह धरून ठेवलेला, आणि त्यातला गांधार असा स्वच्छ, की तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार तो हाच. पियानोवर असा मिळत नाही, तिथला गांधार चढा असतो. त्या काळच्या जुळणीत पंचम किंचित उतरवून गांधार शुद्ध ठेवत. म्हणून त्या संगीताचे शेवट इतके निवांत बसतात.

त्याची किंमतही होती, आणि ती बोलोन्याच्या संगीत-संग्रहालयात लाकडात कोरलेली दिसते. शुद्ध गांधाराच्या हिशेबात एकाच काळ्या पट्टीकडून दोन वेगळे स्वर हवे असतात, चढा आणि उतरा, आणि ती एक पट्टी दोन्ही देऊ शकत नाही. 1606 मध्ये व्हेनिसच्या व्हीतो त्रासुन्तीनोने यावर इलाज म्हणून एक हार्प्सिकॉर्ड बांधलं, सप्तकात 31 पट्ट्यांचं. काळ्या पट्ट्या उभ्या चिरून चिरून एकामागे एक चढवलेल्या. बावीस श्रुतींवर रात्ररात्र वाद घालणाऱ्या आमच्याकडच्या मंडळींनी एकदा येऊन हे बघावं. निदान वाद घालायला नऊ जागा जास्त मिळतील.

त्याच संग्रहालयात पेत्रुच्ची या मुद्रकाचं ‘ओदेकातॉन’ आहे, 1501 मध्ये व्हेनिसला छापलेलं. सुट्या खिळ्यांनी छापलेलं बहुस्वरी संगीताचं हे पहिलं पुस्तक. पहिल्या आवृत्तीची हीच एक प्रत उरली आहे, तीही अपुरी. नावात शंभर गाणी, प्रत्यक्षात 96. आधी रेघा, मग स्वर, मग अक्षरं, असा एकच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली घालायचा. तरी प्रत्येक स्वर आपल्या रेघेवर नेमका बसलेला; आजच्या छपाईवाल्याने मान डोलवावी इतका.

उघड्या पानावर बारीक नजर टाकली तर एक गोष्ट खटकते. ही बहुतेक फ्रेंच गाणी, पण गाण्याचे शब्द नाहीत. सुरुवातीचे दोन-तीन शब्द, ओळख पटण्यापुरते, आणि मग पानभर नुसते स्वर. व्हेनिसच्या गिऱ्हाइकाला फ्रेंच येत नव्हतं म्हणून शब्द गाळले, की गायकांना ते पाठ होते, की पुस्तक मुळात वादकांसाठीच काढलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ल्यूटवाले, व्हिओलवाले, बासरीवाले हेच पुस्तक समोर ठेवून वाजवत होते हे नक्की. व्हेनिसच्या सरकारने पेत्रुच्चीला या छपाईचा वीस वर्षांचा मक्ता दिला होता, 1498 मध्ये. पुढेही तो पुस्तकं काढत राहिला, आणि 1507 मध्ये ल्यूटची.